वाटेला टिकतं तेच जहाजावर टिकतं

प्रश्न बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका ताईंचा आहे. त्यांच्या बचत गटातल्या अकरा जणी भाकरी, शेंगा चटणी आणि सणासुदीला कुंदा करून विकतात. गावातलं लेझीम पथकही त्यांच्याबरोबर यायला तयार आहे. त्या विचारतात, "मुंबई-गोवा क्रूझ सुरू झाल्यात, परदेशी जहाजंबी मुरगावला लागतात म्हणे. आपलं बेळगावचं खाणं आणि कला तिथं न्यायची झाली तर सुरुवात कुठनं करायची? आणि घेईल का कोण?"

ताई, घेतील. मी एकोणीस वर्षं जहाजांच्या गॅलीत काढली. गॅली म्हणजे जहाजावरचं स्वयंपाकघर. बटाटे सोलण्यापासून सुरुवात केली आणि सू शेफ, म्हणजे मुख्य शेफच्या खालोखालचा, म्हणून उतरलो. त्या वर्षांत आपल्या भागातले बरेच पदार्थ मी ताटात मांडून पाहिले. काही जमले, काही पार फसले. कुठला का जमला आणि कुठला का फसला, तेच इथे सविस्तर सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

जहाजाचं नाव निघालं की आपल्या माणसांच्या डोळ्यांपुढे लग्नाची पंगत येते. मांडे, कुंदा, पुरणपोळी, कटाची आमटी, भरली वांगी. पाहुण्यांपुढे चांगलं ते ठेवावं ही आपली रीत, म्हणून मीही पहिल्यांदा पंगतीचेच पदार्थ घेऊन गेलो. पण पंगतीला लागणाऱ्या तीन गोष्टी जहाजावर नसतात. पहिली आग. प्रवासी जहाजाच्या गॅलीत चूल नाही, कोळसा नाही, गॅसची ज्योतही नाही. सगळं विजेवर किंवा वाफेवर चालतं, कारण समुद्रात आगीइतकं दुसरं भय नाही. दुसरी माती आणि लाकूड. अन्नाला लागणारं प्रत्येक भांडं गुळगुळीत, पाणी न शोषणारं आणि मशीनमध्ये धुता येणारं हवं, म्हणजे कच्चं मडकं, काथवट, सूप हे सगळं दाराबाहेर. तिसरी गोष्ट वेळ. गरम पदार्थ ५७ अंश सेल्सिअसच्या वर ठेवायचा, थंड ५ अंशांच्या खाली. मधल्या तापमानात राहिलेलं अन्न चार तासांत संपलं नाही तर फेकायचं. अमेरिकेच्या बंदरांना जाणाऱ्या जहाजांवर तिथल्या सीडीसी या आरोग्य संस्थेचे तपासनीस न सांगता येतात आणि १०० पैकी गुण देतात. ८५ किंवा त्याहून कमी पडले की जहाज नापास. ही शिस्त अंगात इतकी मुरलेली असते की जहाज मुंबईहून गोव्याला जाणारं असलं तरी तिथला मोठा शेफ याच नजरेनं तुमच्या डब्याकडे बघणार.

म्हणून पंगत बाजूला ठेवा आणि शिदोरी आठवा. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या जत्रेला बैलगाडीनं निघालेली माणसं गाठोड्यात काय बांधून नेत? कडक भाकरी, शेंगाची चटणी, कारळ्याची चटणी, गूळ. चार-सहा दिवस वाटेला आग मिळो न मिळो, हे खाणं बिघडत नसे. वाटेसाठी म्हणूनच ते घडलेलं आहे आणि जहाज म्हणजे लांबलेली वाटच. इतक्या वर्षांत माझ्या हाताखालून गेलेल्या आपल्या पदार्थांपैकी जे जहाजावर टिकले, ते बहुतेक शिदोरीचे होते.

कुंद्याचं सांगतो. एका मोठ्या जहाजावर भारतीय जेवणाच्या रात्री मी मोठ्या हौसेनं कुंदा करायला घेतला. साठ लिटर दूध वाफेच्या किटलीत घातलं. ही किटली म्हणजे दुहेरी भिंतीचं मोठं पातेलं, भिंतींच्या मधून वाफ फिरते. दूध आटलं, दाट झालं, पण तीन तासांनीही पांढरंच. कुंद्याला तो तपकिरी रंग आणि किंचित करपल्यासारखा खमंगपणा तळाला दूध लागत-खरवडत येतो आणि वाफेच्या भिंतीला दूध तसं लागत नाही. त्या रात्री जे वाढलं त्याला कुंदा म्हणायला माझी जीभ रेटेना. पुढच्या फेरीला मी दूध पसरट कलत्या कढईत, म्हणजे टिल्टिंग पॅनमध्ये, थोडं थोडं आटवलं, अर्धी साखर वेगळी जाळून त्यात घातली आणि दोन माणसं उलथणं घेऊन सतत उभी केली. तेव्हा तो बेळगावच्या जवळपास आला. वाटीभर न देता जेवणानंतर कॉफीबरोबर एक चमचा दिला, तर माणसं उठून विचारायला आली.

यातून तुमच्यासाठी निघतं ते असं की कुंदा पाठवू नका, कुंदा शिकवा. दुधाचा पदार्थ किनाऱ्यावरून जहाजावर चढवायचा तर सलग थंडावा हवा, टिकण्याची मुदत तोकडी, वर परदेशी बंदरांत दुधाच्या मालाचे नियम वेगळे. तुमच्यातल्या एखादीनं पाहुणी शेफ म्हणून जाऊन तिथल्या माणसांच्या हाताला तो रंग ओळखायला लावला, तर तुमचा मान राहतो आणि पदार्थही राहतो. दुकानात ठेवायला गोकाकचं करदंट चांगलं. डिंक, गूळ, सुका मेवा. ते पाकिटात महिनोन् महिने राहतं. जांबोटी भागातला मधही तसाच.

मांडे मात्र नेऊ नका. उपडं घातलेलं मातीचं भांडं, खाली लाकडाचा जाळ आणि हातावर झुलवून पातळ केलेली ती पोळी. यातलं काहीच तिथे चालत नाही आणि विजेच्या तव्यावर केलेला मांडा म्हणजे साखर भरलेली रुमाली रोटी. शिवाय सारणात खसखस असते. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीला बंदी आहे आणि सिंगापूरमध्ये कडक निर्बंध आहेत, त्यामुळे त्या बाजूला जाणाऱ्या जहाजाचा प्रोव्हिजन मास्टर, म्हणजे कोठाराचा मुख्य, खसखशीची पिशवी आत घेतच नाही. मांडे ज्याला बघायचे त्यानं आपल्या अंगणात यावं, असं माझं मत आहे.

आता भाकरी. ताज्या भाकरीचा मोह तुम्हाला होणार, मलाही झाला होता. सराईत हाताला एक भाकरी थापून भाजायला दीड मिनिट धरा. तीनशे पाहुण्यांना एकेक द्यायची तर साडेसात तास. दोघी बसल्या तरी पावणेचार तास आणि पहिली भाकरी तोवर चामडं झालेली. ज्योत नसल्यामुळे फुगवायची कशी, हा आणखी एक प्रश्न. मी सपाट विजेच्या तव्यावर दोन्ही बाजू शेकून शेवटी सॅलमँडरखाली धरायचो. ही वरून आच देणारी जाळी असते. तिच्याखाली भाकरी टम्म फुगते, पण धुराचा वास येत नाही. कच्च्या पिठाला हात लागलेला चालतो, भाजलेल्या भाकरीला मात्र चिमटाच लावायचा. त्यामुळे ताजी भाकरी म्हणजे बघण्याची जागा: संध्याकाळी तासभर, एक बाई थापतेय, चाळीसएक भाकऱ्या, सभोवती माणसं उभी. थापण्याचा तो आवाज ऐकून लोक जेवणाच्या रांगेतून बाहेर येतात, हे मी पाहिलंय. भाकरी थापणाऱ्या बाईकडे टक लावून बघणारी एक नॉर्वेजियन आजी मला आठवते. तिच्या गावातही पातळ कडक भाकरी करून हिवाळ्यासाठी ठेवायचे, असं ती सांगत होती.

बाकी सगळ्यांना कडक भाकरी. ज्वारीची, कागदासारखी पातळ, मंद आचेवर पूर्ण वाळवलेली. आपल्या भागात तिला कडक रोट्टीही म्हणतात. तिच्यात पाण्याचा अंश जवळपास नसतो, म्हणून ती गार-गरम ठेवण्याच्या नियमांतच येत नाही. ग्लूटेन नाही, म्हणून गहू न चालणारे पाहुणे तिला शोधत येतात. फक्त ती गव्हाच्या पिठाच्या जागेत, त्याच चक्कीवर दळलेली नको. हे तुम्ही लेखी देऊ शकलात तर तुमच्या पाकिटाची किंमत बदलते. जोडीला दही, कच्चा कांदा, भरली वांगी. भरली वांगी वाफेच्या ओव्हनमध्ये उत्तम होतात आणि पुन्हा गरम केल्यावर मसाला आणखी मुरतो. तिखटाला घाबरून चव बोथट करू नका. रंगाला ब्याडगी मिरची आणि तिखटाला संकेश्वरी असं आपल्याकडचं प्रमाण असतं. तिथे ब्याडगी वाढवा, संकेश्वरी कमी करा आणि खरी तिखट चटणी बाजूला वाटीत द्या. ज्याला झेपेल तो घेईल.

इथे सगळ्यात मोठी अडचण येते. शेंगदाणा. आपल्या चटणीत शेंगदाणा, वांग्याच्या सारणात शेंगदाण्याचं कूट, आमटीला कूट, पोळीतही शेंगा. ताई, आपल्याला ते जाणवतसुद्धा नाही, इतकं कूट आपल्या हाताला सवयीचं आहे. पण शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या माणसाचा जीव जाऊ शकतो आणि किनारा दोन दिवसांवर असतो. मी एकदा वांग्यातल्या कुटाबद्दल पाटीवर लिहायचं राहून गेलेलं पाहिलंय. एका मुलाच्या आईनं वेळेवर विचारलं म्हणून निभावलं. त्यानंतर माझ्या हाताखालच्या प्रत्येकाला मी हे शिकवलं: शेंगदाण्याचे पदार्थ एका बाजूला, वेगळा चमचा, वेगळी पाटी, आणि सारणात कुटाऐवजी भाजलेलं खोबरं घातलेला दुसरा प्रकार तयार. तिळाचंही तसंच. कारळ्याची चटणी यातून बरीच सुटते, म्हणून माझी पहिली पसंती तिला. काळी, खमंग, जगात दुसरीकडे सहसा न मिळणारी.

कागदपत्रांचं थोडक्यात. एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेचा, परवाना, पाकिटावर बॅच नंबर, तारीख, घटक आणि ॲलर्जीची सूचना. घरात केलेला माल कितीही चांगला असला तरी याशिवाय वर चढत नाही. जहाज कंपनीकडे थेट जाण्यात वेळ घालवू नका. बंदरावर जहाजांना माल पुरवणारे ठेकेदार असतात, त्यांना शिप चँडलर म्हणतात. मुंबई आणि मुरगाव दोन्हीकडे ते आहेत. त्यांच्यामार्फत नमुना शेफपर्यंत पोचतो. पाककृती "अंदाजानं" लिहू नका. ग्रॅममध्ये लिहा, किती माणसांना पुरते ते लिहा, फोटो लावा. इंडोनेशियाचा किंवा फिलिपिन्सचा पोरगा ती वाचून करणार आहे आणि त्यानं बेळगाव कधी पाहिलेलं नाही. एकदा "हो" म्हटलं की ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या तासाला माल धक्क्यावर लागतो. जहाज कुणासाठी थांबत नाही आणि चोर्ला घाटात झाड पडलं ही सबब तिथे चालत नाही. आदल्या रात्री पोचा.

खरं तर आपली चव त्या जहाजांवर कधीपासूनच चढतेय. गोव्याला रोज भाजी जाते ती बेळगावातनं. मुरगावला चढलेल्या कोबी-बटाट्याच्या पोत्यात आपल्या शेतकऱ्याचा घाम असतोच. ते बंदर आणि लोंढा-कॅसलरॉकवरनं उतरणारी रेल्वे १८८०च्या दशकात बांधली गेली तीच मुळी घाटावरचा माल समुद्राला लावायला. माल जातो, नाव जात नाही. तुमच्या गटानं नाव नेलं तर माझ्या दृष्टीनं ते फार मोठं काम.

नावावरून एक विनंती. मेन्यू कार्डावर "महाराष्ट्रीय" लिहायचं की "कर्नाटकी", यावर आपल्याकडे वाद व्हायला वेळ लागत नाही. मी मराठी माणूस आहे आणि माझ्या भाषेबद्दल मला जे वाटतं ते मनापासून वाटतं. पण ताटाचं खरं सांगायचं तर भरली वांगी म्हणजेच एण्णेगायी, अंबाडी म्हणजेच पुंडी, कारळं म्हणजेच गुरेळ्ळ आणि माझ्या आजीच्या तोंडात दोन्ही शब्द असायचे. कोल्हापुरी चपलेचं भौगोलिक मानांकन बघा: कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. दोन राज्यांचे आठ जिल्हे एका नावाखाली आणि अथणी-निपाणीचा कारागीर त्यात हक्कानं उभा. कार्डावर "बेळगाव" लिहा, खाली पदार्थाचं मराठी नाव, कानडी नाव आणि दोन ओळी. पाहुण्याला जागेचं नाव आवडतं. तो नंतर नकाशात शोधतो.

दुसरीकडे हे कसं करतात ते पाहिलं तर हुरूप येतो. नॉर्वेच्या किनाऱ्यानं १८९३ पासून चालणाऱ्या हुर्टिग्रुटेनच्या बोटी वाटेतल्या गावांतला मासा, मटण, चीज घेऊन जेवण मांडतात आणि कुठल्या भागातलं ते सांगतात. अलास्कातल्या ग्लेशियर बे इथे राष्ट्रीय उद्यानाचे रेंजर बोटीनं येऊन क्रूझवर चढतात, त्यांच्याबरोबर तिथले मूळ रहिवासी हूना त्लिंगित लोकही येतात आणि दिवसभर आपल्या भूमीबद्दल स्वतः बोलतात. वाराणसीहून १३ जानेवारी २०२३ला निघालेल्या गंगा विलासनं ५१ दिवसांच्या प्रवासात स्थानिक आणि हंगामी शाकाहारी जेवणच ठेवलं होतं. आपल्याकडे ३० सप्टेंबर २०२४ला क्रूझ भारत मिशन सुरू झालं, त्यामुळे बंदरांवर आत्ता ऐकून घेणारी माणसं आहेत. या सगळ्यांत मला भावतो तो ग्लेशियर बेचा प्रकार. जागेबद्दल बोलणारा त्या जागेचाच असतो. तुमच्या अकरा जणींतल्या ज्या कुणाला धीटपणे बोलता येतं, तिला पुढे करा. मराठीत बोलू दे, शेजारी भाषांतराला कुणीतरी उभं राहील.

लेझीम पथकाचं उत्तर सोपं आहे: धक्क्यापासून सुरू करा. परदेशी जहाजं साधारण ऑक्टोबर ते मे या काळात येतात आणि टर्मिनलवर स्वागताला ढोल-ताशा, लोकनृत्य ठेवतात. तिथे छप्पर उंच, जागा मोठी, लेझीम खुलतं. बंदराच्या हद्दीत जायला प्रत्येकाचा पास आधी काढावा लागतो, वाद्यं तपासली जातात, त्यासाठी तास-दीड तास धरा. जहाजाच्या आत मात्र छत बुटकं, जमीन हलती आणि शेजारच्या केबिनमध्ये कुणी झोपलेलं. तिथे सहा जणांचं लेझीम, दोन ढोल, वीस मिनिटं. आणि शेवटी पाहुण्यांच्या हातात लेझीम द्यायचं. रंगमंचावरच्या कापडालाही आग न धरणारं असल्याचा दाखला लागतो, म्हणून नवे पडदे शिवून नेऊ नका.

एक गोष्ट ठामपणे सांगतो. देवीचा गोंधळ नेऊ नका आणि यल्लम्माचा जग, म्हणजे डोक्यावर घ्यायची देवीची टोपली, तर मुळीच नको. गोंधळाला दिवटी पेटती लागते, जहाजावर ती पेटणार नाही आणि बॅटरीच्या दिव्यावर देवीला आवतण देणं मला पटत नाही. जग डोक्यावर घेणारी जोगती, म्हणजे यल्लम्माला वाहिलेली, माणसं तो श्रद्धा म्हणून घेतात, त्यांच्यातल्या कितीजणांनी आयुष्यभर सोसलंय. कॉकटेलच्या ग्लासांमधून त्यांना फिरवायची मागणी आली होती, एका मनोरंजन व्यवस्थापकाकडून, माझ्या समोर. मी नाही म्हणालो आणि तो समजला. त्याऐवजी चौडकं, म्हणजे देवीच्या गाण्यांचं तंतुवाद्य, घेऊन बसलेला एक जण, वाद्य कसं वाजतं ते दाखवणारा, ही बैठक चांगली होते. तसंच भजनाचंही. ज्या मातीत सुळेभावीला कुमार गंधर्व जन्मले आणि जिथे एकाच गळ्यातनं अभंग आणि कन्नड दासरपदं दोन्ही येतात, तिथल्या भजनी मंडळाच्या चार माणसांनी पाऊण तास गायलं तर चहाच्या वेळी ऐकणारे नक्की मिळतात.

तुमच्या गटातल्या मुलांना जहाजावर नोकरी हवी असेल, तर डीजी शिपिंग या सरकारी जहाज खात्याचा आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा, परवाना असलेल्या एजंटकडेच जा. नोकरी लावून देण्याचे पैसे कुणी मागितले की उठून या. खलाशांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारानं ते घेता येत नाहीत. आपल्या भागातली दोन घरं या फसवणुकीत जमीन विकून बसलेली मला माहीत आहेत.

सुरुवात कुठनं, असं विचारलंत. या आठवड्यात तीस कडक भाकऱ्या करा. दहा-दहाचे तीन डबे भरा, प्रत्येकात कारळ्याची आणि शेंगाची चटणी वेगवेगळ्या पाकिटात घाला. एक डबा घरी ठेवा. दुसरा कुणाकडून तरी चोर्ला घाटातनं वास्कोला नेऊन परत आणा. तिसरा समुद्राच्या दमट हवेत, गोव्यातल्या एखाद्या नातेवाइकाकडे ठेवा. एकविसाव्या दिवशी तिन्ही उघडा. भाकऱ्या किती फुटल्या ते मोजा, मोडून कान देऊन ऐका, कट् असा आवाज येतो की वाकते ते बघा आणि शेंगाच्या चटणीचा वास घ्या. ती आधी खवट होते. काय निघालं ते मला कळवा, मग पाकीट कुठलं घ्यायचं ते बोलू.